मोहरी वरच्या फळीवर

या वेळचं पत्र इंग्लंडमधल्या लेस्टरहून आलंय, जानेवारी २०२१ मधलं, कोविडच्या टाळेबंदीतलं. माझं उत्तरही त्याच दिवसांतलं, तेव्हाच्या नियमांप्रमाणे. पाच पानी, पाठपोट. जागेसाठी कापावं लागलं, पण मसाल्याचा परिच्छेद जसाच्या तसा ठेवलाय. त्याला कात्री लावायला हात धजेना.

ताई, स. न.

माझं वय ६७, ह्यांचं ७२. लग्नाला ४४ वर्षं झाली, त्यातली ४१ इथे लेस्टरमध्ये गेली. मी होजिअरीच्या कारखान्यात २२ वर्षं मशीनवर होते. हे एका इंजिनिअरिंग कंपनीत स्टोअर्स सांभाळायचे. त्यांना निवृत्त होऊन ७ वर्षं झाली, पण गेल्या मार्चपर्यंत मला त्याचा पत्ताही नव्हता. साडेनऊ वाजले की बसचा पास खिशात टाकून हे बाहेर. लायब्ररी, मंदिराचे हिशेब, मित्रांबरोबर कॅरम. चारच्या चहाला घरी. आता सगळंच बंद.

परवा आंघोळ करून खाली आले तर ह्यांनी सगळे मसाले नव्या बरण्यांत भरून, लेबलं चिकटवून, वर्णमालेप्रमाणे फळ्यांवर लावलेले. ओवा, खसखस, जायफळ हाताशी. मोहरी, हळद, हिंग सगळ्यात वर. माझी उंची पाच फूट. फोडणीसाठी रोज स्टुलावर चढू का, विचारलं तर म्हणाले, "सिस्टीम आहे. होईल सवय."

गॅसचं बिल नको म्हणून हीटिंग फक्त पुढच्या खोलीत. बाकीच्या खोल्यांचे रेडिएटर बंद. त्यामुळे दिवसभर दोघंही तिथेच. हे बातम्या लावतात, रोजचे आकडे वहीत उतरवतात. सांगलीच्या बहिणीला फोन लावला की शेजारून "तिला हेही सांग" चालू. म्हणून मी फोन घेऊन बाथरूममध्ये टबच्या काठावर बसते. तर बाहेरून हाक येते, "बरी आहेस ना?"

ऑस्ट्रेलियातले सामने चालू होते तेव्हा बरं चाललं होतं. हे रात्र रात्र जागायचे. १९ तारखेला पंतने शेवटचा चौका मारला तेव्हा अजून उजाडलंही नव्हतं. ह्यांनी ओरडून मला उठवलं, त्याचंसुद्धा काही वाटलं नाही. पण तेव्हापासून रोज काहीतरी खटकतंच.

मुलगा नॉटिंगहॅमला, नाती ८ आणि ११ वर्षांच्या. फोनवरच बघायच्या. ह्यांना लशीचं पत्र आलंय, पण म्हणतात, तुझं येईल तेव्हा जोडीने जाऊ. माणूस वाईट नाही हो. पण जिन्यात पाऊल वाजलं की माझ्या कपाळाला आठी पडते. माझंच काही बिघडलंय का?

लेस्टरची एक बहीण

ताई,

तुमचं काही बिघडलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पाच पानांत तो प्रश्न तुम्ही चार वेळा विचारलाय.

आता माझी गोष्ट. गेल्या मे महिन्यात आमच्या घरासमोर उभ्या असलेल्या आमच्याच गाडीत, थर्मासमध्ये चहा भरून, मी तासभर बसले होते. गाडी सुरू केली नाही, जायचं कुठेच नव्हतं. "हे" त्या दिवशी भेंडी साबणाने धूत होते. एकेक भेंडी, नळाखाली, वीस सेकंद मोजून. त्याआधी दुधाचे डबे धुतले होते, ते मी सोसलं. भेंडी मात्र मला सोसवली नाही. शेजारणीने काचेवर टकटक करून विचारलं, सगळं ठीक ना? म्हटलं, हो, चहा घेतेय. तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी पण आणते." मग ती तिच्या गाडीत आणि मी माझ्या, काचा थोड्या खाली करून आम्ही चहा प्यालो. तेव्हा तुमचा टबचा काठ मला चांगलाच ठाऊक आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही ओझरतं लिहिलेलं एक वाक्य डोळ्यांत भरलं: सामने चालू होते तेव्हा बरं चाललं होतं. का बरं? क्रिकेटमध्ये तुम्हाला काडीचा रस नाही, हे तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय. ब्रिस्बेनचा खेळ इथल्या मध्यरात्री सुरू व्हायचा. म्हणजे हे सकाळी झोपायचे आणि दुपारी उठायचे. म्हणजे सकाळचं स्वयंपाकघर, सकाळचा फोन, सकाळची पुढची खोली, सगळं तुमचं एकटीचं. १९ जानेवारीला भारत जिंकला आणि तुमची सकाळ गेली. पत्रावर तारीख आहे २२. तीन दिवस, ताई! तुम्हाला नवरा नकोसा झालेला नाही, तुमच्या सकाळी हरवल्यात.

चाळीस वर्षं तुम्ही दोघं एका घरात राहिलात हे खरं, पण दिवसा नाही. आधी नोकऱ्यांनी आणि नंतर त्या साडेनऊच्या बसने तुमचं घर वाटून दिलं होतं. बसचा पास साडेनऊपासून फुकट चालतो, म्हणून ती वेळ. एवढ्या साध्या गोष्टीवर संसार तोलला होता. आता ती बस नाही, तर वाटणी आपल्यालाच करावी लागणार.

सुरुवात रेडिएटरपासून करा. मला विचाराल तर मसाल्यांपेक्षा तो मोठा गुन्हेगार आहे. जानेवारीत, मिडलँड्समध्ये, एकच खोली गरम ठेवली तर दोन माणसं जाणार कुठे? शेकोटीभोवती बसल्यासारखी दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसणार. वरची मागची खोली उघडा. रेडिएटरच्या बाजूची गोल चावी तुमच्या हाताने फिरवा आणि खोलीत एक खुर्ची, एक टेबल, फोनचा चार्जर आणि चांगला दिवा ठेवा. वयस्कर माणसांच्या राहत्या खोल्या निदान १८ अंश असाव्यात, असं इथलं आरोग्य खातं सांगतं. बिलाचा विषय निघाला की हिशेब मांडा, हिशेबाची भाषा त्यांना कळते. हिवाळ्यातल्या इंधनासाठी सरकार पेन्शनरांना वेगळे पैसे देतं आणि तुम्ही दोघंही ८० च्या आतले, म्हणजे तुमच्या घराला २०० पौंड आले असतील. ते मागच्या खोलीसाठीच आलेत, असं मी म्हणते. खोली तुमची असेल आणि तिचं दार लागेल. सांगलीचा फोन तिथून करायचा. "बरी आहेस ना?" जेवायला खाली आल्यावर विचारलं तरी चालतं.

बाथरूमच्या दाराशी येऊन ते विचारतात याचा तुम्हाला राग येतो, ते समजू शकते. पण ७२ वर्षांचा माणूस, २६ तारखेला या देशातल्या मृतांचा आकडा एक लाखावर गेला तो स्वतःच्या हाताने वहीत लिहिणारा, बायको अर्धा तास बाथरूममधून बाहेर आली नाही तर हाक मारणारच. "अर्धा तास वर आहे, फोनवर" एवढं सांगून गेलात तर ते येणारही नाहीत. बघा तरी.

आता बाहेर पडण्याचं. इथे मला नियम नीट उलगडून सांगायचाय, कारण बहुतेक जोडपी तो वाचतात आणि स्वतःचंच नुकसान करून घेतात. ४ जानेवारीच्या रात्री पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या टाळेबंदीत व्यायामाला दिवसातून एकदा, आपल्या भागात, बाहेर पडता येतं. घरच्यांबरोबर, नाहीतर तुम्ही एकट्या असाल तर दुसऱ्या घरातल्या एका व्यक्तीबरोबर. तुम्ही लिहिलंय की दुपारी दोघं मिळून ॲबी पार्कला एक फेरी मारता आणि "कुणी भेटत नाही". भेटणार कसं? जोडीने निघालात की तिसरं माणूस नियमात बसत नाही. तेच एकेकटे निघालात तर तुम्हाला एक मैत्रीण मिळते आणि त्यांना एक मित्र. एकाच घरातून दोन फेरफटके आणि दोन भेटी. कॅरमवाल्यांपैकी कुणी चालण्याच्या अंतरावर असेल ना? भिशीतली कुणी?

फक्त चालत राहायचं. बाकावर टेकून डबा उघडायला सध्या मुभा नाही. तुमच्या शेजारच्याच डर्बीशायरमध्ये दोन मैत्रिणी हातात कॉफी घेऊन चालायला गेल्या, तर पोलिसांनी दोघींना २०० पौंडांचे दंड लावले होते. पुढे बोभाटा झाला, दंड मागे घेतले गेले, माफीही मागितली. पण आपल्याला तेवढी प्रसिद्धी नको. पदपथावर बर्फ असेल त्या दिवशी घरीच राहा. मनगट मोडून घेऊन आज इस्पितळात जाण्यासारखी परिस्थिती नाही.

या वेगळ्या फेऱ्यांचा एक फायदा घरी परतल्यावर कळेल. आज तुम्ही दोघांनी तोच रस्ता, त्याच बातम्या, तीच खिडकी बघितलेली असते. जेवताना बोलणार काय? दोघं दोन वाटांनी गेलात तर कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या दुकानात पुन्हा गवार आली, असं सांगायला दोघांकडेही काहीतरी असेल. तुम्हा लेस्टरकरांना तर याची भूक जास्त. बाकीच्या इंग्लंडला गेल्या जुलैत एकमेकांच्या घरी जाता आलं, तुम्हाला तेव्हाही नाही. नाताळचा एक दिवस सोडला तर तुमच्या पुढच्या खोलीत जवळजवळ वर्षभर पाहुणा बसलेला नाही. इतकी वाळवण झालेल्या घरात मसाल्यांवरून भांडणं नाही झाली तरच नवल.

मसाले. मी हसले, खोटं कशाला बोलू. मोहरी, हळद, हिंग, फोडणीचे तिन्ही मानकरी वर्णमालेच्या शेपटाला निघावेत ही मराठीचीच खोडी आहे, त्यात त्यांचा काय दोष! पण हसून झाल्यावर वाटलं, या माणसाने आयुष्यभर हेच केलंय. फळ्या, बरण्या, लेबलं, कुठला माल कुठे. त्यात ते हुशार होते आणि कारखान्यात त्यांच्या शब्दाला मान होता. आता घरात त्यांना रचता येईल असं एकच कोठार उरलं, आणि ते नेमकं तुमचं. तुम्ही २२ वर्षं मशीनवर होतात. कुणी येऊन न विचारता तुमच्या मशीनचा दोरा बदलला असता तर? तेच झालंय. चिडणं रास्त आहे, पण "हात लावू नका" एवढ्यावर थांबलात तर ते पुन्हा टीव्हीसमोर वही घेऊन बसतील.

त्यांना "मदत" करायला सांगू नका. मदत म्हणजे तुमच्या हाताखाली, तुमच्या नजरेसमोर, आणि चूक झाली की तुमचं "राहू दे, मीच करते". त्याऐवजी एक अख्खं खातं द्या आणि त्यातून स्वतः बाहेर पडा. आठवड्याचा किराणा घरपोच मागवणं हे आजच्या दिवसांत खरोखर स्टोअर्सचं काम आहे. रात्री बसून डिलिव्हरीचा स्लॉट पकडायचा, काय संपत आलंय ते बघायचं, बदली माल आला तर काय करायचं ते ठरवायचं. ते सगळं त्यांचं. कणीक चुकीची आली तर त्या आठवड्यात चुकीच्या कणकेच्या पोळ्या. तोंड उघडायचं नाही. हे तुम्हाला जड जाणार आहे, पण करा.

दुसरं खातं नॉटिंगहॅमचं. शाळा ५ जानेवारीपासून बंद, नाती घरी आणि सून मीटिंगमध्ये. नियमाने पाहिलं तर १४ वर्षांखालच्या मुलांच्या सांभाळासाठी दोन घरांना जोडून घेता येतं, पण तुम्ही दोघांनी आत्ता तो मार्ग धरू नये असं माझं मत. लस व्हायची आहे आणि ती दोन घरं एकत्र आली की विषाणूही एकत्र येतो. त्यापेक्षा रोज सकाळी दहाला, व्हिडिओ कॉलवर, आजोबांचा गणिताचा तास. ह्या पिढीच्या पुरुषांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकलेली असते. इंग्लंडमधल्या ११ वर्षांच्या मुलीला साडेतीनला दीडने गुणायला हे आजोबा कॅल्क्युलेटरपेक्षा आधी शिकवतील. वरच्या खोलीत तुम्ही, खाली हे आणि टीव्ही बंद. झाली ना सकाळ परत?

तशी ५ फेब्रुवारीपासून तुम्हाला आयती सकाळ मिळणारच आहे. इंग्लंडचा संघ चेन्नईत खेळतोय, पहाटे चारला सुरू, आणि या वेळी चॅनल फोरवर, म्हणजे वेगळे पैसेही नाहीत. बघू देत त्यांना. पण चार कसोट्या मार्चच्या सुरुवातीला संपतील, तेव्हा दहाच्या तासाची सवय त्याआधीच लावून घ्या.

आता लस. जोडीने जाऊ हे ऐकायला गोड आहे. सत्यनारायणाला जोडीने बसतात, लशीला नाही. ७० वरच्या सगळ्यांना १५ फेब्रुवारीच्या आत पहिला डोस द्यायचा, असं सरकारने ठरवलंय. तुमचा, ६५ ते ६९ चा, नंबर त्यानंतर लगेचचा. त्यांनी थांबून तुमचा नंबर एक दिवसही आधी येणार नाही. शिवाय डोस घेतल्यावर संरक्षण यायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणजे जितका उशीर तितके दिवस उघडे. त्यांना स्पष्ट विचारा: तुम्ही आजारी पडलात तर मुलाला घरात यायची चोरी, तुमची उस्तवार कोण करणार? ६७ वर्षांची, लस न घेतलेली मीच ना? हे एवढं बोललात की ते फोन उचलतील. दुसरा डोस तर १२ आठवड्यांपर्यंतच्या अंतराने आहे, तुमच्या तारखा फार लांब पडणार नाहीत.

एक गोष्ट तुम्ही शेवटच्या पानावर कोपऱ्यात लिहिली आहे, ती मी हलकी घेत नाही. सामने संपले तरी ते रात्री दोनला उठून खाली अंधारात बसतात. आठवडाभर असेल तर झोपेचं चक्र फिरलंय म्हणेन, कारण महिनाभर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या घड्याळावर काढलाय. दोन आठवड्यांनंतरही तसंच असेल, जेवण कमी झालं असेल, किंवा "आता काय राहिलंय" असली भाषा येत असेल, तर तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करा. दवाखाने बंद नाहीत, फोनवर बोलतात. "कोविड नाही म्हणून त्रास कशाला द्यायचा" हे मनातून काढून टाका. दिवसा दोघांनीही एकदा उजेडात जाणं, म्हणजे दुपारी चारच्या आत, हेही झोपेसाठीच. आणि व्हिटॅमिन डीची १० मायक्रोग्रॅमची गोळी थंडीत रोज घेता का? आपल्या कातडीला इथला ऊन-पाऊस पुरत नाही, त्यातून ऊन तर नाहीच.

हे सदर इतर बायकाही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. वैताग वेगळा आणि भीती वेगळी. पाऊल वाजल्यावर आठी पडत असेल तर वरचं सगळं तुमच्यासाठी आहे. पाऊल वाजल्यावर धडकी भरत असेल, तर टाळेबंदीतही घर सोडून जायची कायद्याने पूर्ण मोकळीक आहे. त्याला कुठलाही नियम आड येत नाही. मला वेगळं पत्र लिहा, ते छापणार नाही.

तर ताई, मसाल्यांचं कसं करायचं? भांडू नका आणि त्यांच्या पाठीमागे बरण्याही हलवू नका. लेबलं राहू देत, खरं तर छान दिसत असतील. त्यांना शेगडीशी बोलवा आणि त्यांच्याच धंद्यातला प्रश्न विचारा. स्टोअर्समध्ये दिवसातून पन्नासदा लागणारे नट-बोल्ट कुठे ठेवायचात हो? खिडकीजवळ, हाताशी, की वर्णमालेप्रमाणे?

फक्त हा प्रश्न कढईतलं तेल तापल्यावर विचारा.